कॉड मासा आणि मित्रराष्ट्रांचे भांडण

उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य करून मासळीवर भागविण्याची रीत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. समुद्रकाठी राहणाऱ्या आपल्या लोकांना त्यात फारसा त्याग करावा लागत नाही, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. सुके बोंबील नि सोडे घरात असले की आपला उपवास सुखाचा होतो. परंतु ज्या युरोपात ही शिस्त रुजली, तेथील समुद्रापासून दूरच्या गावांना मासा मिळावा कसा, हा एके काळी बिकट प्रश्न होता. त्याचे उत्तर उत्तरेकडील थंड समुद्रातल्या कॉड नावाच्या माशाने दिले. या माशाच्या अंगात चरबी अगदी थोडी, म्हणून तो वाळविला वा खारविला तर महिनोन्‌महिने टिकतो. पोर्तुगाल, स्पेन आणि इटली या कॅथलिक देशांनी शतकानुशतके तो आवडीने खाल्ला. पोर्तुगीजांबरोबर तो ‘बाकल्याव’ या नावाने गोव्यातील घरांतही पोहोचला.

या माशापायी विसाव्या शतकात दोन मित्रराष्ट्रांमध्ये तीन वेळा झटापट झाली. एक राष्ट्र होते ब्रिटन आणि दुसरे आइसलँड. दोघेही उत्तर अटलांटिक करार संघटनेचे, म्हणजे ‘नाटो’चे, 1949 पासूनचे संस्थापक सदस्य. शत्रूने एकावर हल्ला केला तर तो सर्वांवर झाला असे मानावयाचे, ही त्या संघटनेची प्रतिज्ञा. मग एका सदस्याने दुसऱ्यावरच हात उगारला तर उरलेल्यांनी काय करावयाचे? करारात या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. पहिल्या कलमात आपसांतील तंटे शांततेने मिटवावेत एवढे मोघम वचन आहे. या वचनाचे प्रत्यक्षात काय होते, ते पाहण्यासाठी कॉडच्या भांडणासारखे दुसरे उदाहरण आम्हांस सापडत नाही. इतिहासकार त्याला ‘कॉड युद्धे’ म्हणतात. युद्ध हा शब्द त्याला जरा मोठाच होतो. तरीही त्यात तोफा डागल्या गेल्या, जहाजे फुटली, एक मनुष्य प्राणास मुकला आणि हजारो कुटुंबांची चूल विझली, हेही तितकेच खरे.

आइसलँड हे उत्तर ध्रुववृत्ताला टेकलेले बेट. ज्वालामुखी, हिमनद्या आणि दगडगोटे यांच्या त्या भूमीत धान्य जवळजवळ पिकत नाही. 1958 साली तेथील एकूण लोकसंख्या पावणेदोन लाखांच्याही आत होती. आपल्याकडील एखादे मध्यम शहर म्हणा ना. देशाच्या निर्यातीत मासळीचा वाटा इतका मोठा होता की बाकीचा व्यापार तिच्यापुढे चिल्लर ठरावा. धान्य, कोळसा, तेल, यंत्रे, लाकूड, सारे काही मासा विकून आणावयाचे. मासा संपला तर देश संपला, असे तेथील माणूस म्हणत असे तेव्हा त्यात अतिशयोक्ती नव्हती.

त्या मासळीवर इंग्रजांचा डोळा फार जुना. पंधराव्या शतकाच्या आरंभापासून इंग्लंडचे कोळी शिडाच्या जहाजांनी तेथे जात, आणि 1467 साली तर त्यांनी बेटावरील राजाच्या प्रतिनिधीचाच खून केला होता. पुढे बेटावर डेन्मार्कची सत्ता असताना 1901 साली डेन्मार्क आणि ब्रिटन यांनी पन्नास वर्षांचा करार करून आइसलँडची सागरी हद्द अवघी तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर, ठरविली. करार करणाऱ्या दोघांत आइसलँड नव्हते. वाफेवर चालणारे ट्रॉलर तोवर आलेच होते. समुद्राच्या तळावरून भलेमोठे जाळे ओढीत नेणारी ही जहाजे हल, ग्रिम्सबी आणि फ्लीटवुड या बंदरांतून निघत आणि आइसलँडच्या माणसाला आपल्या घराच्या खिडकीतून दिसतील इतक्या जवळ मासेमारी करीत.

1944 च्या 17 जूनला आइसलँड प्रजासत्ताक झाले. त्याला स्वतःचे सैन्य नव्हते आणि आजही नाही. असा निःशस्त्र देश लष्करी संघटनेत शिरला तो सहजासहजी नव्हे. 30 मार्च 1949 रोजी रेक्याविकच्या संसदेत नाटोच्या प्रश्नावर मतदान चालू असताना बाहेर जमावाने खिडक्यांवर दगड फेकले आणि पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. शांततेच्या काळात परकीय सैन्य बेटावर ठेवले जाणार नाही, या समजुतीवर सरकार करारात सामील झाले. दोनच वर्षांत, कोरियातील युद्धाच्या छायेत, 1951 च्या संरक्षण करारानुसार अमेरिकन सैन्य केफ्लाविकच्या विमानतळावर उतरले. सोव्हिएत युनियनच्या पाणबुड्या मुरमान्स्कच्या बाजूने अटलांटिकमध्ये उतरावयाच्या तर त्यांना ग्रीनलँड, आइसलँड आणि ब्रिटन यांच्यामधील सागरी वाटेनेच यावे लागे. त्या वाटेवरचा पहारा केफ्लाविकहून चाले. तोफ नसलेल्या या देशाच्या हातात अशा रीतीने एक किल्ली आली. ती कशी फिरवावयाची हे तो हळूहळू शिकला.

जुना करार संपल्यावर 1952 साली आइसलँडने हद्द चार मैलांवर नेली आणि उपसागरांची तोंडे बंद केली. ब्रिटिश मासळी व्यापाऱ्यांनी आइसलँडचा मासा आपल्या बंदरांत उतरवून घेण्यास नकार दिला. भुकेने वठणीवर येतील असा त्यांचा हिशेब असावा. परंतु 1953 साली सोव्हिएत युनियनने पुढे येऊन तो मासा विकत घेतला. नाटोच्या राजधान्यांतून तेव्हा प्रथमच काळजीचे सूर उमटले. ज्याच्याविरुद्ध संघटना उभी राहिली तोच तिच्या एका सदस्याचे गिऱ्हाईक झाला होता, आणि तेही दुसऱ्या सदस्याच्या हट्टापायी.

खरी ठिणगी 1 सप्टेंबर 1958 रोजी पडली. आइसलँडने हद्द बारा मैल जाहीर केली. त्याच दिवशी ब्रिटनने आपल्या ट्रॉलरांच्या रक्षणासाठी युद्धनौका पाठविल्या. दुसऱ्या दिवशी आइसलँडच्या गस्ती नौकांवरील काही माणसे ‘नॉर्दर्न फोम’ या ट्रॉलरवर चढली, तेव्हा ‘ईस्टबोर्न’ या ब्रिटिश फ्रिगेटने त्या नऊ जणांना ताब्यात घेतले. पेच असा की त्यांना ठेवावयाचे तरी कोठे? ती शत्रूची माणसे नव्हती, मित्राची होती. कैदी म्हणावे तर युद्ध मान्य करावे लागेल. अखेर अकरा दिवस पाहुणचार करून एका रात्री त्यांना लहान होडीत बसवून केफ्लाविकजवळ किनाऱ्याकडे सोडून देण्यात आले. एकाच करारावर सह्या केलेल्या दोन सरकारांमधला हा प्रसंग आम्हांस जितका हास्यास्पद वाटतो तितकाच बोलका वाटतो.

तेव्हा नाटोचे महासचिव होते बेल्जियमचे पॉल-आंरी स्पाक. 1956 साली नॉर्वे, इटली व कॅनडा यांच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या समितीने, सदस्यांमधील तंट्यांत महासचिवाने मध्यस्थी करावी, अशी शिफारस केली होती. त्याच वर्षी सुएझच्या प्रकरणात ब्रिटन आणि फ्रान्स एकीकडे व अमेरिका दुसरीकडे अशी फूट पडली होती. ती जखम ताजी होती. स्पाक यांनी प्रयत्न केले, पण तडजोड झाली ती 11 मार्च 1961 रोजी, दोन्ही सरकारांच्या थेट वाटाघाटींतून. ब्रिटनने बारा मैल मान्य केले, बाहेरच्या सहा मैलांत तीन वर्षे मासेमारीची सवलत घेतली आणि एक कलम लिहून घेतले: यापुढे आइसलँडने हद्द वाढविल्यास तंटा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाईल. हे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दुसरी फेरी समजण्यासाठी हेरिंग माशाची गोष्ट सांगितली पाहिजे. साठीच्या दशकात आधुनिक यंत्रांनी हेरिंगचे प्रचंड थवे उपसण्यात आले, आणि 1967-68 च्या सुमारास ते जवळजवळ नाहीसेच झाले. हेरिंगच्या पैशावर वसलेली बंदरे ओस पडली. उद्या कॉडचीही हीच गत होणार, ही भीती आइसलँडच्या घराघरांत शिरली. 1971 साली सत्तेवर आलेल्या ओलाफुर योहानेसन यांच्या संयुक्त सरकारने दोन वचने दिली होती: हद्द पन्नास मैल करू, आणि केफ्लाविकच्या कराराचा फेरविचार करू. दोन्ही गोष्टी एका दमात उच्चारल्या गेल्या, यातच पुढील राजकारणाचे मर्म होते.

1 सप्टेंबर 1972 रोजी पन्नास मैलांची हद्द अमलात आली. चारच दिवसांनी ‘एगिर’ या गस्ती नौकेने एक नवे हत्यार बाहेर काढले. ट्रॉलरचे जाळे दोन जाड पोलादी दोरांनी जहाजामागे ओढले जाते. गस्ती नौका ट्रॉलरच्या मागून आडवी जाई आणि आपल्या मागे, पाण्याखाली, नांगराच्या आकाराचा धारदार पातींचा एक आकडा ओढीत नेई. तो आकडा त्या दोरात अडकला की दोर तटकन तुटे. जाळे, त्यातील मासळी आणि त्या सफरीची कमाई समुद्राच्या तळाशी. पहिल्या दिवशी ज्या ट्रॉलरचे जाळे गेले त्याने आपले नाव आणि नंबर रंगाने पुसून टाकले होते. नाव विचारले असता त्याने उत्तरादाखल रेडिओवरून ब्रिटनचे समुद्रसत्तेचे गाणे वाजविले, असे सांगतात. हा आकडा 1958 च्या भांडणातच तयार झाला होता, परंतु तो इतकी वर्षे वापरावाचून ठेवला होता. त्याने माणसाचे रक्त सांडत नसे, पोट मात्र मारले जाई.

19 मे 1973 रोजी ब्रिटिश युद्धनौका पुन्हा आल्या. आठवड्याभरात ‘एगिर’ने ‘एव्हर्टन’ या ट्रॉलरच्या अंगात गोळे मारले. रेक्याविकमध्ये ब्रिटिश वकिलातीच्या काचा फुटल्या. 29 ऑगस्टला ‘एगिर’ आणि ‘अपोलो’ ही फ्रिगेट यांची टक्कर झाली आणि त्यानंतर दुरुस्तीसाठी वेल्डिंग करीत असताना विजेच्या धक्क्याने ‘एगिर’वरील एक अभियंता मरण पावला. सर्व झटापटींत थेट मृत्यू म्हणून नोंदला गेलेला तो एकच. त्याचे मरण लढाईतले म्हणावे की अपघातातले, यावर कागदोपत्री वाद घालता येईल. त्याच्या घरच्यांना त्या वादाचा काय उपयोग?

आता संघटनेकडे वळू. महासचिवपदी होते हॉलंडचे योसेफ लुन्स, तेथील कॅथलिक पक्षातून पुढे आलेले, उंचापुरे आणि विनोदी स्वभावाचे मुत्सद्दी. त्यांच्यापुढे न्याय कोणाचा हा प्रश्न कधी आलाच नाही. त्यांच्यापुढे प्रश्न होता केफ्लाविकचा. आइसलँडने सप्टेंबर 1973 मध्ये बजावले की युद्धनौका मागे गेल्या नाहीत तर राजनैतिक संबंध तोडू. आणि तेथील डावे पक्ष त्याहून पुढे जाऊन संघटनाच सोडण्याची भाषा करीत होते. तळ गेला तर उत्तर अटलांटिकचा पहारा आंधळा होईल, ही चिंता वॉशिंग्टनपासून ओस्लोपर्यंत सर्वांना होती. ती लंडनच्या कानी घातली गेली. ब्रिटनचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी 3 ऑक्टोबरला युद्धनौका मागे घेतल्या आणि 13 नोव्हेंबरला दोन वर्षांची तडजोड झाली. ब्रिटनला वर्षाला 1,30,000 टन मासळीची मर्यादा पडली.

दरम्यान हेगचे न्यायालय आपल्या गतीने चालले होते. 1961 च्या कलमाच्या आधारे ब्रिटन तेथे गेले. आइसलँड हजरच राहिले नाही. 25 जुलै 1974 रोजी न्यायालयाने दहा विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला: आइसलँडला एकतर्फी पन्नास मैलांतून ब्रिटिश जहाजे हाकलता येत नाहीत, मात्र त्याचा मासळीवर अग्रहक्क आहे, म्हणून दोघांनी वाटाघाटी कराव्यात. आइसलँडने निकालाकडे पाठ फिरविली.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. लहान देशाने मोठ्या साम्राज्याला नमविले, अशी ही कथा साधारणपणे सांगितली जाते आणि आपल्यासारख्या, त्याच साम्राज्याच्या टाचेखाली राहिलेल्या लोकांना ती गोडही लागते. परंतु त्या लहान देशाने आपल्या सहीचा शब्द मोडला होता, ही गोष्ट झाकता येत नाही. पोटाची गरज शब्दापेक्षा मोठी का? आमचे मत असे की 1901 चा करार आइसलँडच्या माथी मारलेला होता, त्याचे बंधन नैतिक म्हणता येत नाही. परंतु 1961 ची सही त्याने स्वतः केली होती, जरी ती युद्धनौकांच्या सावलीत केली असली तरी. न्यायालयात उभे राहून तेच सांगणे त्याला शक्य होते. ते त्याने केले नाही याचे कारण सरळ आहे: त्याच्यापाशी न्यायालयापेक्षा अधिक भरवशाचे साधन होते.

त्या साधनाचे मोल किती, हे त्याच उन्हाळ्यात संघटनेच्या दुसऱ्या टोकाला दिसले. जुलै 1974 मध्ये, ग्रीसच्या लष्करी राजवटीने सायप्रसमध्ये घडवून आणलेल्या बंडानंतर, तुर्कस्तानने त्या बेटावर सैन्य उतरविले. ग्रीस आणि तुर्कस्तान दोघेही 1952 पासून नाटोचे सदस्य. दोघांचेही भौगोलिक स्थान मोलाचे, त्यामुळे कोणालाच फार दुखवावयाचे नाही असे धोरण ठरले. आणि ऑगस्टमध्ये ग्रीस रागाने संघटनेच्या लष्करी रचनेतून बाहेर पडले, ते 1980 मध्ये परतले. सायप्रस मात्र दुभंगले ते दुभंगलेलेच राहिले, कारण सायप्रस संघटनेचा सदस्यच नव्हता. त्याच्यापाशी फिरवावयाला किल्ली नव्हती.

तिसरी फेरी सर्वांत कडवट. 1975 च्या ऑक्टोबरात आइसलँडने हद्द दोनशे मैलांवर, म्हणजे 370 किलोमीटरवर नेली. त्याच महिन्यात तेथील सागरी संशोधन संस्थेचा अहवाल आला: कॉडची पकड ताबडतोब कमी केली नाही तर साठा कोसळेल. लोकांनी त्याला ‘काळा अहवाल’ असे नाव दिले. पश्चिम जर्मनीने समझोता केला. ब्रिटनने वर्षाला 1,10,000 टनांचा आग्रह धरला, आइसलँड 65,000 टनांपर्यंत यावयास तयार होते, आणि बोलणी फिसकटली. नोव्हेंबरच्या अखेरीस फ्रिगेट परत आल्या.

यावेळी दोर कापण्याबरोबर टकरींचेच सत्र सुरू झाले. फ्रिगेट गस्ती नौकेच्या आणि ट्रॉलरच्या मध्ये घुसे, गस्ती नौका वाट काढू पाही, आणि दोन्ही कप्तान दुसऱ्यानेच धडक दिली असे छायाचित्रांनिशी जगाला सांगत. पाणबुड्या हुडकण्यासाठी बांधलेल्या त्या वेगवान फ्रिगेटांचा पत्रा पातळ. उलट गस्ती नौका बर्फातून वाट काढण्याच्या बेताने मजबूत बांधलेल्या. त्यामुळे प्रत्येक टकरीत महागडे जहाज दुरुस्तीला जाई. वीसहून अधिक फ्रिगेट पाळीपाळीने या कामी आल्या, आणि त्या काळात ज्या शत्रूसाठी त्या होत्या त्याच्यावर नजर ठेवण्याचे काम तितके उणे पडले. मॉस्कोने दूर बसून हे पाहिले असेल तर त्याला काही करावे लागले नाही.

11 डिसेंबर 1975 ला सेय्दिसफ्योर्दुर या फ्योर्डच्या तोंडाशी, म्हणजे आइसलँडच्या अगदी दारात, ‘थोर’ ही गस्ती नौका आणि ब्रिटिश साहाय्यक जहाजे यांची झटापट होऊन गोळ्या सुटल्या. आइसलँडने सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली. जानेवारीत लुन्स रेक्याविकला गेले, फ्रिगेट काही दिवस मागे हटल्या, पंतप्रधान गेइर हाल्ग्रिमसन लंडनला हॅरॉल्ड विल्सन यांना भेटले, आणि रिकाम्या हातांनी परतले. 19 फेब्रुवारी 1976 रोजी आइसलँडने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. मतभेद नाटोत पूर्वीही झाले होते. परंतु एका सदस्याने दुसऱ्याचा राजदूतच नको म्हणावे, असे तोवर घडले नव्हते. दोन्ही देशांचे व्यवहार इतर मित्रराष्ट्रांच्या वकिलातींमार्फत चालू लागले. 6 मे रोजी ‘फाल्मथ’ या फ्रिगेटच्या धडकेने ‘तिर’ ही गस्ती नौका इतकी कलंडली की ती उलटणार असेच वाटले. ती सावरली, जहाजावरची माणसे दैवाने वाचली.

पंधरवड्यातच ओस्लो येथे नाटोच्या परराष्ट्रमंत्र्यांची नेहमीची बैठक होती. सोव्हिएत धोक्यावर चर्चा करण्यासाठी जमलेल्या त्या मंडळींत बैठकीबाहेरची खरी बोलणी चालली होती ती माशावर. नॉर्वेचे क्नुत फ्रीदेनलुंद मध्यस्थ झाले. ब्रिटनच्या बाजूने बोलावयास होते नवे परराष्ट्रमंत्री अँथनी क्रॉसलंड. ते संसदेत निवडून येत ते ग्रिम्सबीहून, म्हणजे ज्या बंदराची रोटी या तडजोडीत जाणार होती त्याच बंदराहून. 1 जून 1976 च्या समझोत्याने ब्रिटनला सहा महिन्यांपुरती दिवसाला सरासरी चोवीस ट्रॉलरांची परवानगी मिळाली. त्यानंतर काही नाही. नोव्हेंबरात नाकारलेल्या देकारापुढे हे पदरी पडलेले दान फारच तुटपुंजे होते.

संघटना वाचली. आइसलँडचा मासाही वाचला. 1992 साली कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये कॉडचा साठा कोसळून तेथील शतकांची मासेमारी बंद करावी लागली, तशी वेळ आइसलँडवर आली नाही. कायदाही वळून त्याच्या बाजूला आला. 1 जानेवारी 1977 पासून युरोपीय समुदायाच्या देशांनी, म्हणजे ब्रिटननेसुद्धा, दोनशे मैलांची हद्द घेतली, आणि 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक करारात तोच जागतिक नियम झाला. आइसलँड या वाटेवरचे पहिले नव्हते, चिली आणि पेरू यांनी 1947 सालीच दोनशे मैलांचा दावा केला होता. पण मोठ्या आरमाराशी दोन हात करून तो टिकविणारे आइसलँड. भारताने 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्याने दोनशे मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र घेतले. वसई, उत्तन, वेसावे, अलिबाग येथील होड्या आज ज्या खोल पाण्याला आपले म्हणतात, ते आपले होण्यामागे ही सारी जागतिक उलथापालथ आहे. हद्द मिळाली म्हणून आतला प्रश्न मात्र सुटत नाही. 1991 नंतर आपल्याच सरकारने परदेशी सहभागाच्या मोठ्या जहाजांना या क्षेत्रात वाट करून दिली, तेव्हा केरळचे रिडेम्प्टरिस्ट धर्मगुरू फादर थॉमस कोचेरी यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली देशभरच्या मच्छीमारांना 1994 मध्ये आपल्याच राज्यकर्त्यांविरुद्ध बंद पुकारावा लागला.

या हिशेबात हल शहराचे नाव कोठे येत नाही, म्हणून ते आम्ही मुद्दाम घेतो. हलच्या हेसल रोडवरील वस्ती ही आपल्या कोळीवाड्यासारखीच. बाप, मुलगे, जावई सारे एकाच समुद्रावर. 1968 च्या जानेवारी-फेब्रुवारीत तीन आठवड्यांच्या अवधीत हलचे तीन ट्रॉलर बुडाले. अठ्ठावन्न माणसे गेली, एकच वाचला. तेव्हा लिलियन बिलोका नावाच्या, मासळीच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईने डोक्याला रुमाल बांधलेल्या बायकांचा मोर्चा काढला आणि जहाजांवर रेडिओ चालविणारा माणूस असलाच पाहिजे, ही मागणी लंडनपर्यंत नेली. सरकारला सुधारणा मान्य कराव्या लागल्या. स्वतः बिलोकांना मात्र नंतर त्या धंद्यात काम मिळाले नाही. ही माणसे गर्विष्ठ साम्राज्याची प्रतिनिधी नव्हती. त्यांच्या बापजाद्यांनी तेथेच जाळी टाकली होती आणि दुसरे काम त्यांना ठाऊक नव्हते. 1976 नंतर त्यांची जहाजे भंगारात गेली. मालकांना जहाजे मोडल्याचे पैसे मिळाले. खलाशी मात्र दर सफरीला नव्याने भरती होणारे ‘हंगामी’ कामगार ठरले, म्हणून त्यांच्या हाती फारसे काही पडले नाही. त्यांच्यासाठी भरपाईची योजना ब्रिटिश सरकारने आखली ती 2000 साली. तोवर चोवीस वर्षे गेली होती आणि त्यांतील कित्येक जण मातीत.

त्यांचे आणि आइसलँडच्या माणसांचे वैर होते असेही म्हणवत नाही. 1947 च्या डिसेंबरात फ्लीटवुडचा ‘डून’ हा ट्रॉलर लात्राब्यार्ग या उभ्या कड्याखाली फुटला, तेव्हा आसपासचे शेतकरी दोरांना लोंबकळत शेकडो फूट खाली उतरले आणि बारा जणांना त्यांनी वर काढले. 1968 च्या त्याच भीषण वादळात ग्रिम्सबीचा ‘नॉट्स काउंटी’ बर्फाने जड होऊन खडकावर चढला. त्यावरील अठरा माणसांना ‘ओदिन’ या आइसलँडच्या गस्ती नौकेने जीव धोक्यात घालून वाचविले. हीच ‘ओदिन’ पुढे ब्रिटिश ट्रॉलरांची जाळी कापीत हिंडली. 1976 च्या एप्रिलमध्ये तिने हलच्या ‘आर्क्टिक कॉर्सेर’ या ट्रॉलरचे दोर कापण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्या ट्रॉलरने वळून तिलाच धडक दिली.

केफ्लाविकचा अमेरिकन तळ 2006 साली बंद झाला. ‘ओदिन’ आता रेक्याविकच्या बंदरात सागरी संग्रहालयाचा भाग म्हणून उभी आहे. ‘आर्क्टिक कॉर्सेर’ हलने आपल्या मच्छीमारांच्या आठवणीसाठी जपून ठेवली आहे, आणि 1999 पासून तिच्यावर येणाऱ्या पाहुण्यांना जहाज दाखविण्याचे काम तिच्यासारख्या ट्रॉलरांवर राबलेल्या माणसांनी केले.